पेशीतल्या मंडईत हमाल मोजकेच

मधुमेहाचे रुग्ण रोज जे इन्सुलिन टोचून घेतात, ते बहुधा जंतूंच्या किंवा यीस्टच्या पेशींनी बनवलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माणसाच्या इन्सुलिनची जनुके ई. कोलाय या जंतूत घालून बनवलेल्या औषधाला अमेरिकेत १९८२ साली परवानगी मिळाली. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे तयार करायचे याची पेशीजवळ असलेली कृती. नवी कृती दिली, की पेशी नवा पदार्थ बनवते.

मग रुग्ण विचारतात, "डॉक्टर, साखर वाढली की आपोआप इन्सुलिन सोडणारी पेशीच शरीरात का घालत नाहीत?" त्यासाठी एक जनुक पुरत नाही. एकाने साखर ओळखायची, दुसऱ्याने इन्सुलिन बनवायचे, तिसऱ्याने वेळेवर काम थांबवायचे. अशा एकमेकांत गुंफलेल्या जनुकांना जनुकीय सर्किट म्हणतात. गंमत अशी, की यातला प्रत्येक भाग सुटा असताना चोख चालतो आणि एकत्र आला की बिघडतो. असे का होते?

पुण्याची मंडई डोळ्यांसमोर आणा. समजा, तेथे दहाच हमाल आहेत. एका गाळ्यावर कांद्याची मोठी आवक झाली आणि आठ हमाल तिकडे गुंतले, तर दुसऱ्या गाळ्यावरचे बटाटे तसेच पडून राहतात. त्या दोन गाळेवाल्यांचे भांडण नाही, व्यवहारही नाही. पण हमाल सामाईक आहेत. पेशीत प्रथिने बांधणारे रायबोसोम हे असेच मोजके हमाल होत. एका नव्या जनुकाने त्यांतले बरेचसे अडवले, की दुसऱ्याचे उत्पादन आपोआप घटते. पेशीची स्वतःची कामेही मागे पडून तिची वाढ मंदावते. मग ज्या पेशींनी हे ओझे टाकून दिले, त्या भराभर वाढतात आणि काही पिढ्यांत सर्किटच नाहीसे होऊ शकते.

दुसरी अडचण केर उचलण्याची. जुनी प्रथिने तोडणारी यंत्रणाही मर्यादित असते. एका प्रथिनाचा ढीग साचला, की दुसऱ्याला रांगेत थांबावे लागते. त्यामुळे ज्यांचा परस्परांशी काही संबंध नाही अशी दोन प्रथिने एकमेकांबरोबर कमीजास्त होतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०११ साली दाखवले.

तिसरी अडचण हाकेची. गर्दीत "अहो तात्या" म्हटले, की चारजण वळून पाहतात. एका जनुकासाठी असलेला संदेश दुसऱ्यानेही ऐकला, की नको तेव्हा नको ते काम सुरू होते.

२००० साली अमेरिकेत तीन जनुकांचे एक सर्किट ई. कोलायमध्ये बसवले गेले. पहिले दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला व तिसरे पहिल्याला थांबवी, आणि जंतू ठरावीक काळाने चमके. पण ताल पेशीगणिक चुके. २०१६ साली हार्वर्डमधील संशोधकांनी तो ताल पुष्कळ सुधारला, तोही भर घालून नव्हे, तर मांडणी सुटसुटीत करून. माणसाच्या पेशींतही अशी ओढाताण होते.

याचा आपल्याशी संबंध काय? आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. बी-पेशींच्या काही कर्करोगांत नेहमीच्या उपचारांनी गुण आला नाही किंवा रोग उलटला, तर तो देता येतो. त्यात रुग्णाच्याच टी-पेशींना सीडी१९ ही खूण ओळखायला शिकवतात. ही खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मरतात. 'दोन खुणा एकत्र दिसल्या तरच मार' असे शहाणपण पेशीला देण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. परंतु शहाणपण वाढवायचे म्हणजे भाग वाढवायचे, आणि भाग वाढले की ओढाताण आलीच. म्हणून या कामाला वेळ लागतो. येथे चूक झाली, तर निरोगी अवयवावरच हल्ला होऊ शकतो.

आम्हा डॉक्टरांना हे नवे नाही. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन आणि जुलाबावरचे मेट्रोनिडाझोल ही दोन्ही उपयुक्त औषधे. पण एकत्र घेतली तर वॉरफॅरिनचा निचरा मंदावून रक्तस्राव होऊ शकतो. दोन्ही औषधे चांगली म्हणून जोडी चांगली, असे होत नाही.

तेव्हा जनुके बदलून मधुमेह कायमचा बरा करतो, असे कोणी सांगितले तर तीन प्रश्न विचारा. नेमक्या कोणत्या आजारासाठी हा उपचार आहे? माणसांवर वापरण्याची सरकारी परवानगी आहे का? संपूर्ण उपचाराची तपासणी माणसांवर झाली आहे, की फक्त प्रयोगशाळेत? उत्तरे मिळेपर्यंत पैसे देऊ नका, आणि चालू असलेले इन्सुलिन किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नका.