विश्लेषण : अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कर्करोग झाल्यास कामगाराला भरपाई मिळते का? दावे इतके कमी का?

कारखान्यातून निवृत्त होऊन १५-२० वर्षे झालेली असतात. खोकला जात नाही, दम लागतो. आधी क्षयाची औषधे सुरू होतात आणि मग कधीतरी सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसते. रुग्णालयाच्या केसपेपरवर विडी-सिगारेटची नोंद हमखास होते. ‘आधी काम काय करत होता?’ हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंधित कर्करोगाचा दावा बहुतेक वेळा इथेच बुडतो. कायद्यात मात्र या आजारासाठी भरपाईची तरतूद आहे.

धोका नेमका कोणाला?

अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. उष्णतेला आणि आम्लाला दाद देत नाही म्हणून सिमेंटचे पत्रे, पाइप, ब्रेक लायनिंग, बॉयलरचे लॅगिंग, गॅस्केट अशा असंख्य ठिकाणी ते वापरले गेले. पत्रा नुसता छपरावर पडून असतो तेव्हा धोका तुलनेने कमी. तो कापताना, भोक पाडताना, फोडताना किंवा जुने लॅगिंग उखडताना सूक्ष्म तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर फुप्फुसात जातात आणि तिथेच रुततात. त्यामुळे पत्र्यांच्या कारखान्यातील कामगारांबरोबरच वीज केंद्रांतील लॅगर, गॅरेजमधील मेकॅनिक आणि मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातच्या अलंगमध्ये जहाजे तोडणारे मजूरही या यादीत येतात. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही युद्धनौका २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून माघारी बोलावली गेली, ती तिच्यातील अ‍ॅस्बेस्टॉसवरून उठलेल्या वादामुळेच.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार मानवात कर्करोग घडवणारे म्हणून पहिल्या गटात टाकले आहेत. भारतात वापरले जाणारे पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, त्यात आलेच. आपल्याकडे खाणींसाठी नवे पट्टे देणे १९८६ मध्येच थांबले. आयात आणि वापर मात्र सुरू राहिला. जमिनीतून काढायला नको, पण बाहेरून आणून कापायला हरकत नाही, असा हा प्रकार. बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली.

सिगारेट ओढणाऱ्याचा दावा संपतो का?

नाही. धूम्रपान आणि अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेहून बराच जास्त होतो. म्हणजे विडी ओढणाऱ्या कामगाराच्या बाबतीत धुळीचा वाटा उलट मोठा ठरू शकतो. अडचण वेगळी आहे. फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग मुख्यतः अ‍ॅस्बेस्टॉसमुळेच होतो, त्यामुळे तिथे कारण शोधावे लागत नाही. फुप्फुसाची साधी गाठ मात्र सूक्ष्मदर्शकाखालीही ‘मी अ‍ॅस्बेस्टॉसमुळे झाले’ असे सांगत नाही. तिथे पुरावा उरतो तो कामाच्या इतिहासाचा. फुप्फुसात तंतूंमुळे आलेले व्रण, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसिस, किंवा आवरणावरचे जाड पट्टे स्कॅनमध्ये दिसले, तर बाजू भक्कम होते.

कायदा काय सांगतो?

१९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा’ ही नोंद आहे. एकाच मालकाकडे सलग ६ महिने अशा कामावर असलेल्याला हा आजार झाला, तर तो कामावरचा अपघात मानला जातो. नोकरी सुटल्यानंतर आजार झाला तरीही, तो त्या कामामुळेच झाला हे सिद्ध केल्यास, हक्क शाबूत राहतो. ‘ईएसआय’खालील कामगारांसाठीही अशीच यादी आहे; तिथे निर्णय वैद्यकीय मंडळाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावले गेले आणि ही यादीही त्यात आली.

खरी मेख मुदतीत आहे. जुन्या कायद्यानुसार दावा २ वर्षांत करायचा. नोकरी सुटल्यावर २ वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती दिसल्याच्या दिवसापासून मुदत मोजण्याची सवलत आहे. पण हा कर्करोग तंतू शरीरात गेल्यावर साधारण २० ते ४० वर्षांनी डोके वर काढतो! योग्य कारण दिल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार भरपाई आयुक्तांना होता, त्यामुळे दार पूर्ण बंद नव्हते. तरी निवृत्त कामगाराची निम्मी ताकद उशीर का झाला हे पटवण्यातच जाते. फ्रान्समध्ये अशा कर्करोगाला व्यवसायजन्य मानताना संपर्क संपल्यानंतरची ४० वर्षे धरली जातात.

रक्कम किती?

जुन्या कायद्याच्या सूत्रात पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के आणि मृत्यूसाठी ५० टक्के रकमेला वयानुसारच्या गुणकाने गुणतात. २०२० पासून वेतनाची कमाल मर्यादा १५ हजार रुपये. पासष्टी गाठलेल्यांसाठी गुणक ९९.३७. म्हणजे अपंगत्वासाठी जास्तीत जास्त ८ लाख ९४ हजार ३३० आणि मृत्यूसाठी ७ लाख ४५ हजार २७५ रुपये. निवृत्तीच्या वेळचा तुटपुंजा पगार धरला गेला, तर आकडा बराच खाली येतो. किमान रक्कम अनुक्रमे १ लाख ४० हजार आणि १ लाख २० हजार.

कागद कुठून आणायचे?

इथे १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उपयोगी पडतो. ‘कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर’च्या याचिकेवर न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला बजावले, की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामावर लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातील जे नंतर येईल तोपर्यंत जपायची. म्हणजे १९९० साली लागून २०१८ मध्ये निवृत्त झालेल्याची नोंद २०३३ पर्यंत कंपनीकडे असायला हवी. ती लेखी अर्ज करून मागता येते. कारखाना बंद पडला असेल, तर हजेरी कार्ड, वेतनचिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा उतारा, ‘ईएसआय’ कार्ड, त्याच खात्यात काम केलेल्या सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जमवावी लागतात. जुने एक्स-रे रद्दीत घालू नयेत. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी कोणत्या खात्यात, किती वर्षे, कसली धूळ, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढे दाव्यात पहिल्यांदा तेच पान उघडले जाते.