नोत्र दामचा ऑर्गन : दुरुस्तीची सहाशे वर्षे

१५ एप्रिल २०१९च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे छप्पर पेटले आणि मधला मनोरा कोसळला. पश्चिमेच्या दारावरच्या सज्जात, दोन बुरुजांच्या मध्ये उभा असलेला मोठा ऑर्गन मात्र जळला नाही. बंबांचे पाणीही त्याच्यापर्यंत फारसे पोचले नाही. तरीही वर्षभरानंतर तो नळी नळी सुटी करून खाली उतरवावा लागला, कारण छपरावर शेकडो टन शिसे होते. ते वितळले आणि त्याची भुकटी वाद्याच्या फटीफटीत जाऊन बसली. गंमत अशी, की ऑर्गनच्या धातूच्या नळ्याही कथील आणि शिशाच्याच असतात. पण नळीतले शिसे जागच्या जागी राहते. छपराचे हे शिसे मात्र भाता सुरू होताच वाऱ्याबरोबर उडून माणसांच्या छातीत गेले असते.

संगीत नाटकातल्या साथीमुळे मराठी माणसाला ऑर्गन म्हटले की पायपेटी आठवते. तिच्यात वाऱ्याने पितळी पत्त्या थरथरतात. चर्चच्या ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी लागते आणि आवाजाचा रंग बदलायचा तर नळ्यांची अख्खी दुसरी रांग लागते. अशा रांगेला स्टॉप म्हणतात. नोत्र दामला आज ११५ स्टॉप, सुमारे ८००० नळ्या, हातांसाठी पाच स्वरपट्ट आणि पायांसाठी एक वेगळा आहे. सर्वांत लांब नळ्या ३२ फुटी मापाच्या आहेत. इतक्या लाकडाचा, चामड्याचा आणि कथलाचा डोलारा दर काही दशकांनी कुरकुरू लागतो. मग दुरुस्ती निघते आणि तिच्या निमित्ताने प्रत्येक पिढी आपल्या कानाला हवा तसा बदल करून घेते.

सज्जातला पहिला मोठा ऑर्गन १४०३मध्ये फ्रेडरिक शांबांट्झने बांधला. आज खालून दिसते ती कोरीव लाकडी दर्शनी बाजू फ्रांस्वा तिएरीच्या वेळची, १७३३ची. १७८०च्या दशकात फ्रांस्वा-आंरी क्लिकोने आतले वाद्य पुन्हा बांधले. लगेच राज्यक्रांती आली. चर्चचे ‘बुद्धिदेवतेचे मंदिर’ झाले, देशभर किती तरी ऑर्गन मोडीत निघाले. हा वाचला. वादक बालबात्र क्रांतीची गाणी वाजवत राहिला म्हणून वाचला, असे सांगतात.

खरा कायापालट आरिस्तीद काव्हाये-कॉलने केला. हा मूळचा दक्षिण फ्रान्समधला, ऑर्गन बांधणाऱ्यांच्या घराण्यातला. तरुणपणी त्याने तुलूजमध्ये पत्त्यांवर वाजणारे, म्हणजे आपल्या पेटीच्या गोतातले, एक वाद्य बनवले होते. ते ऐकून संगीतकार रोसिनीने त्याला पॅरिसला जायला सांगितले. तिथे त्याला बार्कर नावाचा इंग्रज भेटला. त्या काळी दोन-तीन स्वरपट्ट एकत्र जोडले की पट्टी दाबायला बोटांची ताकद पुरत नसे. बार्करने हे जड काम छोट्या भात्यांवर सोपवण्याची युक्ती काढली होती आणि इंग्लंडमध्ये तिला गिऱ्हाईक मिळाले नव्हते. काव्हाये-कॉलने ती पॅरिसजवळच्या सँ-दनी चर्चच्या ऑर्गनमध्ये १८४१ला वापरली. मोठ्या ऑर्गनवर चपळ वादन करता येऊ लागले ते या भात्यांमुळे.

नोत्र दामचे काम त्याने १८६८मध्ये पुरे केले : ८६ स्टॉप, पाच स्वरपट्ट. क्लिकोच्या चांगल्या नळ्या त्याने टाकल्या नाहीत. नव्या नळ्यांशेजारी उभ्या केल्या. ६ मार्चच्या उद्घाटनाला सेझार फ्रांक, सँ-साँस आणि विदोर वाजवायला होते. या ऑर्गनमधली मला सर्वांत धाडसी वाटणारी गोष्ट मात्र खालून दिसत नाही. तानपुरा नीट जुळला की न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. ऑर्गनवाले असे उपस्वर नशिबावर सोडत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळ्या नळ्याच बसवतात. पंचमाच्या आणि गंधाराच्या नळ्या फ्रान्समध्ये जुन्याच होत्या. काव्हाये-कॉलने सातव्या उपस्वराच्याही बसवल्या. हा निषाद पियानोच्या कोमल निषादापेक्षाही उतरलेला. एकटा ऐकला तर बेसूर वाटावा. खाली भक्कम षड्ज असला की तो वेगळा कानाला लागत नाही, एकूण आवाजाला धार चढते.

पुढचा अध्याय लुई व्हिएर्नचा. जन्मापासून दृष्टी अगदी अधू असलेला हा वादक १९००मध्ये इथे नेमला गेला, तेव्हा भाता माणसेच मारत होती. विजेचा पंखा १९२४मध्ये आला. दुरुस्तीला पैसे नव्हते, म्हणून १९२७मध्ये व्हिएर्न अमेरिकेत कार्यक्रम करत फिरला. १९३२मध्ये काम झाले. २ जून १९३७ रोजी याच ऑर्गनवर जाहीर वादन करताना तो बसल्या जागी गेला.

वादक पिएर कोशरो १९५५ला आला आणि त्याने ऑर्गनचे सांधेच बदलले. बार्करचे भाते गेले, तारा आणि विद्युतचुंबक आले, अमेरिकी थाटाचा नवा वादनमंच, म्हणजे स्वरपट्टांची वादकासमोरची बैठक, आला, प्रखर आवाजाच्या आडव्या तुताऱ्या आल्या. जुन्या परंपरेच्या लोकांनी यासाठी त्याला आजवर माफ केलेले नाही. त्यांचा राग मला पटतो, पण अर्धाच. कोशरोची उत्स्फूर्त वादने ऐकायला हजारो माणसे येत. ऑर्गन वाजता राहिला, त्याची निगा घेणे भाग पडले, याचे श्रेय त्याला द्यावेच लागेल. 

त्याच शहरात याचे उलटे उदाहरण आहे. सँ-सुल्पीस चर्चचा ऑर्गनही काव्हाये-कॉलचाच, १८६२चा. तिथे विदोर १८७० ते १९३३ आणि त्याच्यामागून मार्सेल द्युप्रे १९७१पर्यंत बसला. शंभर वर्षांत दोनच वादक, आणि दोघांनीही मोठे बदल करू दिले नाहीत. ते वाद्य जवळपास जसेच्या तसे आहे. दुरुस्ती ठरवणाऱ्या समितीपेक्षा हट्टी वादक बरा, असे कधी कधी वाटते ते यामुळे.

१९९२मध्ये नोत्र दामला काव्हाये-कॉलच्या आवाजाकडे वळवण्याचा प्रयत्न झाला. गमतीचा भाग असा, की तो संगणकाच्या मदतीने. कथलाची नळी दोनशे वर्षे टिकते, संगणकाचे आयुष्य वीस वर्षांतच सरले. २०१२ ते २०१४मध्ये नवा वादनमंच आणि नवी विद्युतयंत्रणा आली. पुढच्या पाच वर्षांत आग लागली.

ऑगस्ट २०२०मध्ये आधी वादनमंच आणि मग नळ्या उतरवल्या, डिसेंबरपर्यंत सज्जा रिकामा झाला. नळ्या आणि वायुपेट्या कोरेझ आणि व्होक्लूझ भागांतल्या कार्यशाळांत साफ झाल्या. पुन्हा मांडणी झाल्यावर सूर जुळवणे सुमारे सहा महिने चालले, तेही रात्री, कारण दिवसा कॅथीड्रलमध्ये गवंडी आणि सुतारांचा ठोकाठोक. एक जण वादनमंचावर पट्टी धरून बसायचा, दुसरा आत नळ्यांत शिरून कानाने सूर लावायचा. आठ हजार नळ्या, एकेक करून.

या खेपेला कोणीही ऑर्गन ‘सुधारला’ नाही. क्लिको, काव्हाये-कॉल, कोशरो, १९९२, २०१४ असे सगळे थर होते तसे ठेवले, भर दिला तो धूळ काढण्यावर. पैसा होता, जगाचे लक्ष होते, नवे काही मिरवण्याची संधी होती. ती नाकारली गेली. जीर्णोद्धार म्हणजे गुळगुळीत फरशी आणि ऑइलपेंट असे मानणाऱ्या आपल्या विश्वस्त मंडळांनी हे प्रकरण वाचावे. सहाशे वर्षांतली ही सर्वांत शहाणी दुरुस्ती होती, असे माझे मत आहे.

७ डिसेंबर २०२४ रोजी कॅथीड्रल पुन्हा उघडताना आर्चबिशपनी ऑर्गनला आठ वेळा हाक दिली, आणि प्रत्येक हाकेला वादकांनी जागच्या जागी रचून उत्तर वाजवले. पॅरिसला जाणे झालेच तर रविवारी नोत्र दाम ऐका आणि चालत सँ-सुल्पीसलाही जा. उपासनेला बसायला दोन्हीकडे तिकीट नाही, आणि सतत बदललेला नि जवळपास न बदललेला, असे काव्हाये-कॉलचे दोन्ही ऑर्गन ऐकून होतील.