'पाणी सांडली' आणि डायव्हर्सिटीचा तास

टाइमटेबलवर 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लुजन' असा तास दिसला की आपण काय म्हणतो? "चला, झोपायला एक तास मिळाला!" मार्क नाहीत, मग कशाला डोकं लावा? मला मात्र वाटतं, नीट शिकवला तर हा विषय मेकॅनिक्सइतकाच कामाचा आहे.

एक उदाहरण देतो. गोंडपिपरीकडचा एक मुलगा पहिल्या सेमिस्टरला मेसमध्ये "पाणी सांडली" म्हणाला. आख्खं टेबल हसलं, पुढे आठवडाभर तेच चिडवणं. मग तो बोलायचाच कमी झाला. व्हायव्हाला उत्तर येत असूनही गप्प! आता बघा, त्याची घरची भाषा गोंडी. ती द्राविडी कुळातली, म्हणजे तेलुगूची नातेवाईक. मराठीत लिंगं तीन, गोंडीत दोनच: पुल्लिंग आणि बाकी सगळं. म्हणजे पोरगा अडाणी नव्हता, एका भाषेचा नियम दुसरीला लावत होता. आम्ही कॉन्व्हेंटवाले मराठीत इंग्रजी घुसवतो, त्याला मात्र 'स्टाइल' म्हणतात! २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर होते, तरी ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. बारावीपर्यंत मला हे कुणी सांगितलं नाही. चंद्रपूरच्या जटपुरा गेटमध्ये आपण हॉर्न वाजवत अडकतो, पण तो कोट गोंड राजांचा, हे किती जणांना माहीत असतं?

आणि हे नुसतं हसण्यावर थांबत नाही. दिल्लीच्या एम्सबद्दल प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ साली अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींची मुलं त्रासापायी होस्टेलच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहायला गेली, असं त्यात नोंदवलं आहे. यूजीसीने २०१२ मध्ये समानतेचे नियम केले, तक्रारीची सोय झाली. पण जो मेसमध्ये बोलायला घाबरतो, तो तक्रार काय लिहिणार? तक्रारीच्या आधीचं काम वर्गातच व्हायला हवं.

अर्थात स्लाइडवर 'रिस्पेक्ट ऑल' लिहून हे होणार नाही. त्यापेक्षा आम्हाला गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावी न्या. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गोंड गाव. तिथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये चौघांचं टॉपिकवर एकमत व्हायला दोन महिने लागले! इंडस्ट्रियल व्हिजिटसाठी बस मिळते, तशी एक याच्यासाठीही मिळावी, एवढंच एचओडी सरांना सांगणं आहे.