३५ सेकंदांत न मावणारे: कॅनडाच्या संसदेतले तीन वाद

आपल्याकडे ज्याला प्रश्नोत्तराचा तास म्हणतात, तो ओटावाच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ४५ मिनिटांचा असतो. प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तरालाही ३५ सेकंद. एवढ्या वेळात घोषणा देता येते आणि तिची चित्रफीत संध्याकाळपर्यंत मोबाइलवर फिरवता येते. मुद्दा मांडणे मात्र अवघड. ३० एप्रिल २०२४ रोजी विरोधी पक्षनेते पिएर पॉलिएव्ह यांनी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांच्याबद्दल ‘वेडसर’ अशा अर्थाचा शब्द वापरला, मागे घ्यायला नकार दिला आणि सभापती ग्रेग फर्गस यांनी त्यांना त्या दिवसापुरते बाहेर काढले. त्या दिवसाचा विषय होता ब्रिटिश कोलंबियातल्या अमली पदार्थांच्या धोरणाचा. तो किती जणांच्या लक्षात राहिला असेल, शंकाच आहे.

गेल्या काही वर्षांत या सभागृहात तीन विषयांवर सर्वाधिक आवाज चढला: कार्बनवरची आकारणी, ऑनलाइन द्वेष आणि सार्वजनिक सुरक्षा. तिन्हींबद्दल टोरंटोपासून ठाण्यापर्यंत काही समजुती पक्क्या बसल्या आहेत. तिन्हींत घोटाळा सारखाच आहे. कायद्याचा एक भाग लोकांना रोज दिसत होता, दुसरा दिसतच नव्हता, आणि भांडण दिसणाऱ्या भागावर झाले.

गैरसमज: कार्बन कराचा पैसा सरकारच्या तिजोरीत जात होता

२०१८ च्या कायद्याने ही आकारणी आली आणि १ एप्रिल २०१९ पासून टनामागे २० डॉलर या दराने लागू झाली. दर वाढत वाढत एप्रिल २०२४ मध्ये ८० डॉलरवर पोचला. पंपावर त्याचा अर्थ पेट्रोलच्या लिटरमागे १७.६१ सेंट. इथवर सगळ्यांना ठाऊक होते.

कमी ठाऊक होते ते पुढचे. या इंधन आकारणीतून गोळा होणाऱ्या रकमेचा सुमारे ९० टक्के भाग थेट कुटुंबांना परत जात होता. २०२४-२५ मध्ये ओंटारियोतल्या चौघांच्या कुटुंबाला वर्षाला १,१२० डॉलर मिळायचे, अल्बर्टात १,८००. समजा, ओंटारियोतल्या एखाद्या कुटुंबाने वर्षभरात २,००० लिटर पेट्रोल जाळले आणि घर गरम ठेवायला २,००० घनमीटर नैसर्गिक वायू वापरला. पेट्रोलवरची आकारणी ३५२ डॉलर, वायूवरची ३०५. एकूण ६५७. त्यावरचा १३ टक्के विक्रीकर धरला तरी साडेसातशेच्या आत. किराण्याच्या किमतीत शिरलेला थोडा बोजा त्यात मिळवा, तरी हिशेब बहुतेकदा कुटुंबाच्या बाजूने झुकतो. परतावा माणशी ठरलेला आणि आकारणी वापरावर, त्यामुळे जो कमी जाळतो त्याच्या हाती जास्त उरते. योजनेची सगळी मेख यातच होती.

मग लोकांना ते पटले का नाही? माझ्या मते दोष योजनेपेक्षा ती राबवण्याच्या पद्धतीचा जास्त. सुरुवातीची वर्षे परतावा आयकर विवरणपत्रातल्या एका ओळीत वळता होत असे. कोणाच्या हातात काही पडत नव्हते. २०२२ पासून तिमाही रक्कम बँकेत जमा होऊ लागली, पण पासबुकात ती अशा काही मोघम नावाने यायची की कशाची जमा आहे हे कळू नये. अखेर बँकांनी नोंद नीट करावी म्हणून सरकारला कायद्यात तरतूद करावी लागली. पंपावरचा आकडा मात्र रस्त्यावरून जाता-येता दिसत होता.

त्यात सरकारने स्वतःच पायावर धोंडा पाडून घेतला. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ट्रुडो यांनी घरगुती हीटिंग ऑइलला तीन वर्षांची सूट दिली. हे इंधन मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरच्या प्रांतांत वापरले जाते आणि तिथे त्यांच्या पक्षाचे खासदार अस्वस्थ होते. मग प्रेअरी प्रांतांतल्या लोकांनी विचारले, आमच्या वायूने काय पाप केले? सस्कॅचेवान सरकारने जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरची आकारणी वसूल करणेच थांबवले. त्या एका सवलतीने योजनेची नैतिक बाजू जेवढी खचली, तेवढी पॉलिएव्ह यांच्या ‘कर तोडा’ या घोषणेनेही खचली नसेल.

संसदेचे तेव्हाचे अर्थसंकल्प अधिकारी इव्ह जिरू यांचे अहवाल दोन्ही बाजू फडकवत असत आणि दोन्ही बाजू अर्धे सांगत. नुसती भरलेली आकारणी आणि मिळालेला परतावा यांची तुलना केली, तर बहुसंख्य कुटुंबे फायद्यात. रोजगार आणि गुंतवणुकीवरचा परिणाम त्यात मिळवला, तर सरासरी कुटुंब तोट्यात. या दुसऱ्या हिशेबात मोठ्या उद्योगांवरच्या वेगळ्या आकारणीचा परिणामही चुकून धरला गेला होता. त्या कार्यालयाने ते मान्य केले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्त आकडे दिले. तोटा बराच कमी झाला, पुरता नाहीसा झाला नाही. आणि हवामानबदल रोखला नाही तर होणारे नुकसान या दोन्ही तुलनांत धरलेले नव्हते.

गैरसमज: महागाई कार्बन करामुळेच भडकली

जून २०२२ मध्ये कॅनडातली महागाई ८.१ टक्क्यांवर गेली होती. बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर टिफ मॅकलेम यांनी दिलेल्या हिशेबानुसार, दरवर्षीच्या दरवाढीने महागाईच्या दरात ०.१५ टक्केबिंदूंची भर पडत होती.

गैरसमज: कार्बन कर हा डाव्यांचा हट्ट

अल्बर्टा हा तेलावर जगणारा, उजव्या पक्षाचा बालेकिल्ला. मोठ्या कारखान्यांच्या उत्सर्जनावर किंमत लावण्याची सुरुवात उत्तर अमेरिकेत तिथूनच झाली, २००७ मध्ये. पुढच्या वर्षी ब्रिटिश कोलंबियात गॉर्डन कॅम्पबेल यांनी कार्बन कर आणला. त्यांचा पक्ष नावाने लिबरल, पण कल उजवीकडे. २०२१ च्या निवडणुकीत तर एरिन ओ’टूल यांच्या नेतृत्वाखाली कंझर्व्हेटिव्ह पक्षाच्याच जाहीरनाम्यात ग्राहकांवरच्या कार्बन किमतीची योजना होती. ती पुढच्या नेत्याने गुंडाळली. बाजारभावातून प्रदूषण कमी करावे, ही मुळात बाजारावर विश्वास असणाऱ्या अर्थतज्ज्ञांची आवडती कल्पना.

गैरसमज: कॅनडाने कार्बन कर रद्द केला, विषय संपला

१४ मार्च २०२५ रोजी मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरची आकारणी शून्यावर आणण्याचा निर्णय घेतला. १ एप्रिलपासून तो लागू झाला. ब्रिटिश कोलंबियानेही आपला कर त्याच दिवशी उठवला. गंमत अशी, की ज्यांच्या घोषणेमुळे हे घडले ते पॉलिएव्ह महिन्याभरातच निवडणूक हरले, स्वतःच्या मतदारसंघातसुद्धा.

पण गेला तो एक भाग. मोठ्या उद्योगांवरची किंमत कायम राहिली, आणि अनेक अभ्यासक उत्सर्जन घटवण्याच्या कामी तोच भाग जास्त परिणामकारक मानतात. सिमेंट किंवा पोलाद कारखाना सगळ्या धुरासाठी पैसे मोजत नाही. दर टन मालामागे किती उत्सर्जन चालेल याची त्या क्षेत्राची मर्यादा ठरलेली असते. तिच्यावर गेले तर भरा, तिच्या खाली राहिले तर श्रेयांक मिळवा आणि विका. भारताने २०२३ मध्ये अधिसूचित केलेली कार्बन क्रेडिट व्यापार योजना अशाच मालामागच्या उत्सर्जनावर उभी आहे, म्हणून हा भाग आपल्याकडच्या उद्योगांनी बारकाईने पाहावा असा आहे. क्यूबेकमध्ये तिसरीच तऱ्हा: तिथे एकूण उत्सर्जनाला कमाल मर्यादा घालून परवान्यांचा बाजार चालतो, आणि तो कॅलिफोर्नियाच्या बाजाराशी जोडलेला आहे.

गैरसमज: फेसबुकवर वाईट लिहिले की जन्मठेप

फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायमंत्री आरिफ विरानी यांनी सी-६३ हे विधेयक मांडले. त्याचा मुख्य भाग माणसांवर नव्हताच, कंपन्यांवर होता. समाजमाध्यम कंपन्यांनी सात प्रकारच्या घातक मजकुराचा धोका कमी करण्याची जबाबदारी घ्यावी, नाहीतर जागतिक उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत दंड सोसावा, अशी रचना होती. मजकूर २४ तासांत काढण्याची सक्ती फक्त दोन प्रकारांसाठी होती: मुलांचे लैंगिक शोषण, आणि संमतीशिवाय पसरवलेली खासगी चित्रे, डीपफेक धरून. खासगी संदेश कायद्याच्या बाहेर ठेवले होते, त्यामुळे ‘सरकार तुमचे मेसेज वाचणार’ ही ओरड निराधार होती.

जन्मठेपेची भीती मात्र हवेतून आलेली नव्हती. त्याच विधेयकात फौजदारी कायद्याची दुरुस्ती जोडली होती. वंशसंहाराचे उघड समर्थन करण्याची कमाल शिक्षा पाच वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत नेली होती, आणि द्वेषातून केलेल्या कोणत्याही गुन्ह्यासाठी जन्मठेपेपर्यंत जाऊ शकणारा स्वतंत्र गुन्हाही मांडला होता. कोणी द्वेषाचा गुन्हा करील या भीतीपोटी, गुन्हा घडण्याआधीच न्यायालय त्याच्यावर बंधने घालू शकेल, अशीही तरतूद होती. नागरी स्वातंत्र्याच्या संघटनांनी याला विरोध केला, लेखिका मार्गारेट ॲटवुड यांनीही सावध केले. नुसते दुखावणारे किंवा अपमानकारक बोलणे म्हणजे द्वेष नव्हे, हे विधेयकात स्पष्ट लिहिले होते. तरी मुलांच्या सुरक्षेच्या पोत्यात ही कलमे कोंबण्याचा हट्ट चुकलाच. डिसेंबर २०२४ मध्ये विरानी विधेयकाचे दोन भाग करायला तयार झाले, पण ६ जानेवारी २०२५ रोजी संसद संस्थगित झाली आणि सगळेच बारगळले. ज्यावर मतभेद फारसा नव्हता, तो मुलांच्या संरक्षणाचा भागही त्याच्याबरोबर बुडाला.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या सी-९ या द्वेषविरोधी विधेयकावरून कॅनडातल्या हिंदू कुटुंबांत, मराठी घरे त्यात आलीच, वेगळी चिंता पसरली: दारावरच्या स्वस्तिकाचे काय? मांडलेल्या मसुद्यात गुन्हा आहे तो नाझी चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवून हेतुपुरस्सर द्वेष पसरवण्याचा. धार्मिक, शैक्षणिक किंवा कलेसाठीच्या वापराला बचाव दिलेला आहे.

गैरसमज: गुन्हेगारी वाढली की घटली, याचे एकच उत्तर आहे

कुठल्या वर्षापासून मोजता यावर ते ठरते. कॅनडाचा गुन्हे-तीव्रता निर्देशांक २००३ पासून जवळजवळ सलग उतरत २०१४ मध्ये तळाला गेला; नंतर चढू लागला. विरोधक २०१५ पासून मोजतात, कारण ट्रुडो तेव्हा आले. सत्ताधाऱ्यांना अर्थातच लांबचा काळ बरा वाटतो. सलग तीन वर्षांच्या वाढीनंतर २०२४ मध्ये निर्देशांक चार टक्क्यांनी घटला.

सरकारने पिस्तुले जप्त केली, हाही असाच गैरसमज. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांची खरेदी-विक्री आणि हस्तांतर गोठवले गेले; ज्यांच्याकडे परवान्याची होती त्यांच्याकडून ती काढून घेतली नाहीत.

जामिनाचा वाद सगळ्यांत तापलेला. ‘ओटावाने गुन्हेगार मोकळे सोडले’ हे वाक्य रोज ऐकू येते. जामिनाचा हक्क तिथल्या राज्यघटनेतल्या हक्कांच्या सनदेत आहे, आणि त्याचा कायदा केंद्र करते, हे खरे. जानेवारी २०२४ पासून शस्त्राने हिंसा करणाऱ्या सराईत आरोपींना आपल्याला का सोडावे हे स्वतःच पटवून द्यावे लागते; आधी ते काम सरकारी वकिलाचे होते. ब्रॅम्प्टन आणि सरे इथल्या दक्षिण आशियाई व्यावसायिकांकडे खंडणीचे फोन येऊ लागल्यावर दबाव आणखी वाढला, आणि २९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राने त्यात नाव गुंतलेल्या बिश्नोई टोळीला दहशतवादी संघटना ठरवले. त्यामुळे टोळीची मालमत्ता गोठवता येते. पण खंडणीचा तपास करायचा तो ब्रॅम्प्टनची हद्द सांभाळणाऱ्या पीलच्या किंवा सरेच्या पोलिसांनी. खटले चालवणारे वकील बहुतांशी प्रांताचे, खटल्याआधीच्या कोठड्याही प्रांताच्या. ओंटारियोत जामिनाची सुनावणी बहुतेकदा ‘जस्टिस ऑफ द पीस’ घेतात आणि त्यांची नेमणूक टोरंटोतले प्रांतिक सरकार करते, ज्याच्या मंत्र्यांना ओटावातल्या त्या ४५ मिनिटांत कोणी प्रश्न विचारू शकत नाही.