काट्यावर नजर

सकाळी ८.००
वीजकेंद्रातले एक डेस्क ऑपरेटर प्रयोगासाठी आलेत. रात्रपाळी नव्हती, झोप झालीय, चहा घेतलेला नाही. विचारून तक्त्यात लिहिते. छातीवर तीन इलेक्ट्रोड. स्पिरिटने त्वचा नीट पुसली नाही, तर हृदयाच्या आलेखात नुसती खरखर येते.

८.३०
पाच मिनिटं स्वस्थ बसायचं. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात.
"मॅडम, हार्ट चुकतंय का?"
"नाही हो सर, निरोगी हृदय असंच चालतं."

९.००
दोन तासांची पाळी सुरू. चाचणी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांची, १९४८ सालची. रडारवरच्या ब्रिटिश जवानांची नजर का ढळते हे शोधण्यासाठी केलेली. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा सेकंदाला एक घर सरकतो, क्वचित दोन घरं उडी मारतो. अर्ध्या तासात अशा १२ उड्या. दिसली की बटण दाबायचं.

९.२०
उडी नसताना बटण दाबलं गेलं. "च्यायला!" ते पुटपुटले आणि पुढचे एकदोन ठोके किंचित लांबले. चूक उमगली की बहुधा असं होतं.

९.४५
खरी उडी निसटली. ते काट्याकडेच बघत होते. ठोक्यांत काहीही फरक नाही. चुकल्याचं त्यांना कळलेलंच नाही.

११.००
इलेक्ट्रोड काढले. आता चहा.

दुपारी १२.३०
आलेखाची साफसफाई. मशीनने चुकीचा धरलेला एकेक ठोका हाताने दुरुस्त करायचा, नाहीतर पुढचं सगळं गणित फसतं.

३.००
ठोक्यांच्या अंतरात साधारण दहा सेकंदांची एक लाट असते. नेटानं लक्ष दिलं की ती दबते. आज सुरुवातीला दबली होती, नंतर वाढत गेली. म्हणजे जोर ओसरला. पण कंटाळ्याने की पेंगेने, हे नुसत्या लाटेवरून ठरत नाही.

४.३०
ऑपरेटरांचा फोन: "हे यंत्र डेस्कवर लावलं, तर चूक आधीच कळेल का?"
मी नाही म्हणाले. किती जोर लावलाय याचा अंदाज हृदय देतं. पुढची उडी निसटेल का, ते सांगत नाही. मॅकवर्थ यांच्या चाचणीत पहिल्या अर्ध्या तासानंतरच पकड घसरली होती, आणि अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती दिल्यावर टिकली. तेव्हा यंत्र मागण्याआधी ड्युटी चार्टवर रिलीव्हर मागा.