पडद्यावरचा शिळा भाव आणि व्यापाऱ्याची जबाबदारी

२२ सप्टेंबर २०२५ रोजी तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. त्यापूर्वी एक हजार रुपयांपर्यंतच्या नगावर ५ टक्के आणि त्यापुढील नगावर १२ टक्के कर होता. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के झाला. म्हणजे दोन हजारांचा ड्रेस आदल्या दिवशी कर धरून २,२४० रुपयांना होता, तो २,१०० वर आला. चार हजारांची शेरवानी ४,४८० वरून ४,७२० वर गेली. दुकानात बसलेल्या व्यापाऱ्याने नगावरची चिठ्ठी बदलली आणि काम भागले. परंतु ज्यांचा माल इंटरनेटच्या पानावर मांडलेला आहे, त्यांच्यापुढे निराळाच प्रश्न असतो. मूळ वहीत भाव बदलला तरी गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर जुनाच भाव दिसत राहू शकतो. असे का होते आणि त्यावर इलाज काय, याचा विचार आपल्या कापड व्यवसायातील बांधवांनी करावयास हवा.

लोणखेडा हे शहाद्याला लागून असलेले गाव. आम्ही इकडचे दुकानदार खरेदीसाठी सुरतेच्या बाजाराकडे पाहतो. पूर्वी तिकडून भावपत्रक टपालाने येत असे व त्यावर तारीख असे. पत्रक दहा दिवसांचे जुने आहे हे दिसताच आम्ही फोन करून भाव पक्का करीत असू. आता मोबाईलवर भाव, रंग, शिल्लक तागे असे सर्व काही दिसते. मात्र ही माहिती केव्हाची आहे, हे बहुधा लिहिलेले नसते. शिल्लक पाहून मागणी नोंदवावी, पैसे भरावेत आणि दुसऱ्या दिवशी माल संपल्याचा निरोप यावा, हा अनुभव आम्हांला नवा नाही. ऐन ईदच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर रक्कम आठ दिवस अडकली, तर लहान दुकानदाराला दुसरीकडून माल उचलण्याची ताकद राहत नाही.

शिवलेले पान आणि तयार पान

इंटरनेटवरील पाने दोन प्रकारची असतात. काही पाने एकदा लिहून ठेवलेली असतात. दुसरी पाने मागणी आल्यावर तयार होतात. मुख्य संगणक डेटाबेसमधून भाव, शिल्लक व फोटो गोळा करतो आणि पान रचून पाठवितो. पहिला प्रकार तयार कपड्यासारखा, तर दुसरा माप घेऊन शिवण्यासारखा. शिवण्यास वेळ लागतो. एकाच वेळी हजारो गिऱ्हाइके आली तर मुख्य संगणकाची दमछाक होते.

यावर तोडगा म्हणून एकदा शिवलेल्या पानाची नक्कल काढून ठेवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तीच देतात. याला इंग्रजीत 'कॅश' म्हणतात. उच्चार रोख रकमेच्या कॅशसारखाच असला तरी शब्द वेगळा आहे. फ्रेंच भाषेत त्याच्या मुळाशी 'लपविणे' असा अर्थ आहे. ही नक्कल तीन ठिकाणी राहू शकते : मुख्य संगणकाच्या शेजारी, शहरोशहरी ठेवलेल्या मधल्या संगणकांवर आणि खुद्द गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये. मधल्या संगणकांचा धंदा करणारी अकामाई ही कंपनी अमेरिकेत १९९८ साली स्थापन झाली. आज अशा अनेक कंपन्या आहेत.

नक्कल ठेवणे वाईट मुळीच नाही. दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी लाखो घरांतून एकाच वेळी विचारणा होते. जाहीर झालेला निकाल घटकाघटकाला बदलत नाही, म्हणून तो नकलेतून देण्यास योग्य आहे. याउलट सकाळी १० वाजता रेल्वेचे वातानुकूलित डब्यांचे तात्काळ आरक्षण उघडते, तेव्हा शिल्लक जागांचा आकडा क्षणाक्षणाला बदलतो. तेथे पाच मिनिटांपूर्वीची नक्कल निरुपयोगीच नव्हे, तर नुकसानीची ठरते. कापडाचेही तसेच आहे. ताग्याचा फोटो, पन्हा, सुती की पॉलिस्टर, ही माहिती टिकाऊ. भाव, कर आणि शिल्लक या गोष्टी नाशवंत.

नकलेची मुदत

१९९७ साली आलेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीत नकलेचे कायदे घातले गेले आणि २०२२ साली ते नव्याने मांडले गेले. त्यांतील चार-पाच गोष्टी व्यापाऱ्यानेही जाणून घ्याव्यात, म्हणजे पान बनवून देणाऱ्यास नेमके विचारता येईल.

'मॅक्स-एज' म्हणजे नकलेची मुदत. ती सेकंदांत लिहितात. ३०० लिहिले तर पाच मिनिटे. 'ईटॅग' हा मालाच्या लॉट नंबरासारखा आहे. नकलेची मुदत संपली की मोबाईल तो नंबर दाखवून विचारतो, "काही बदलले काय?" बदल नसेल तर मुख्य संगणक ३०४ एवढाच इशारा देतो आणि पूर्ण पान पुन्हा पाठवावे लागत नाही. 'नो-कॅश' या नावाने पुष्कळांची फसगत होते. नक्कल ठेवू नका, असा त्याचा अर्थ नाही. ठेवा, पण दर वेळी विचारल्याशिवाय दाखवू नका, असा आहे. मुळीच ठेवू नये असे सांगावयाचे तर 'नो-स्टोअर' लिहावे लागते.

केवळ मुदतीवर भरवसा ठेवून मात्र भागत नाही, कारण भाव मुदत पाहून बदलत नाही. कापडावरील कर १ जानेवारी २०२२ पासून ५ वरून १२ टक्के व्हावयाचा होता. जीएसटी परिषदेने ३१ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, तो निर्णय पुढे ढकलला. ज्यांनी नवे भाव तयार करून ठेवले होते, त्यांना ते त्याच दिवशी मागे घ्यावे लागले असणार. अशा वेळी वहीत भाव बदलताच मधल्या संगणकांवरील जुनी नक्कल रद्द करण्याचा हुकूम आपोआप सुटला पाहिजे. याला 'पर्ज' म्हणतात. पण गिऱ्हाइकाच्या मोबाईलमध्ये गेलेली नक्कल अशी परत बोलाविता येत नाही. म्हणून भावाच्या पानासाठी मोबाईलला 'नो-कॅश' हाच नियम लावावा. फोटोला लांब मुदत द्यावी आणि फोटो बदलला तर त्याच्या फाईलचे नावही बदलावे. आणि पैसे घेण्याच्या पायरीवर भाव व शिल्लक नेहमी मूळ वहीतूनच तपासावी. या पायरीवर नकलेला स्थान नाही.

खाते ही अमानत आहे

आणखी एक धोका आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या स्टीम या खेळ विकणाऱ्या दुकानात नकलेच्या व्यवस्थेत गडबड झाली आणि एका गिऱ्हाइकाच्या खात्याची पाने दुसऱ्याला दिसू लागली. सुमारे ३४ हजार लोकांना त्याची झळ पोहोचली. आपल्याकडे घाऊक गिऱ्हाइकाची उधारी, त्याचा खास भाव, त्याचा पत्ता ही त्याची अमानत असते. अशा पानांवर 'प्रायव्हेट' किंवा 'नो-स्टोअर' असलेच पाहिजे.

कोणी म्हणेल, जुना भाव आम्ही मुद्दाम दाखविला नाही, यंत्राने दाखविला. सहीह मुस्लिममधील एक हदीस सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असा सवाल त्यांनी केला आणि फसवणुकीबद्दल कडक ताकीद दिली. पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा कसूर नव्हता. ओल झाकून ठेवणे हा होता. यंत्राच्या नकलेचेही तेच आहे. भाव शिळा आहे हे कळल्यावरही तो तसाच दिसू देणे, म्हणजे ओले धान्य खाली दाबणे होय.

म्हणून ज्या बांधवांनी आपला माल इंटरनेटवर मांडला आहे, त्यांनी प्रत्येक भावाखाली 'अमुक तारखेस, अमुक वाजता' एवढी एक ओळ घालावी. जुन्या भावपत्रकावर ती असे आणि तिच्यामुळेच आम्ही लोणखेड्यात बसून निर्धास्त खरेदी करू शकत होतो. खर्च काहीच नाही. वेग हवा, पण वजनात आणि भावात खोट येता कामा नये. रोजीतली बरकत त्यातच आहे.