सौर पॅनेलला मे महिना का आवडत नाही?

दोस्तांनो, एक कोडं घालू? जिंतूर तालुक्यातलं चारठाणा म्हटलं की जुनी हेमाडपंती मंदिरं आणि बारव आठवते. त्याच गावाच्या शिवारात एक सौरपंप आहे असं समजा. ऊन दोन्ही दिवशी सारखंच लख्ख आहे. एक दिवस फेब्रुवारीचा, गार वाऱ्याचा. दुसरा मे महिन्यातला, अंगाची लाही करणारा. पंप जोरात कधी चालेल?

मे महिन्यात? अहं, फेब्रुवारीत!

पॅनेल जवळून पाहा. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ, निळ्या-काळ्या चकत्या दिसतील आणि त्यांवर बारीक चंदेरी रेघा. सूर्यावरून निघालेला प्रकाश साधारण 8 मिनिटं 20 सेकंदांत इथं येऊन थडकतो आणि सिलिकॉनमधल्या इलेक्ट्रॉनना धक्का देतो. ते एका दिशेनं पळत सुटतात, चंदेरी रेघा त्यांना गोळा करतात, की झाली वीज! काही जळत नाही, काही फिरत नाही. म्हणजे पॅनेलला हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्याला सोसत नाही. 25 अंशांच्या वर दर अंशामागे साधारण 0.4 टक्के वीज घटते. मे महिन्यात पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं, तर सुमारे 16 टक्के वीज गेलीच म्हणून समजा.

आता परळीकडे वळू. तिथल्या वीज केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर चक्र फिरवून वीज बनवतात. कोळशाच्या एका युनिट विजेमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, मग उन्हाळे तापतात, पाऊस लहरी होतो. आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट म्हणजे 2015 च्या दुष्काळात पाणीच नसल्यामुळे परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. पॅनेलला पाणी लागतं ते फक्त धूळ धुण्यापुरतं.

पण दिवस मावळल्यावर काय? जिंतूर तालुक्यातच पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. त्याच्या पायथ्याशी 22.5 मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. धरणातलं पाणी अडवून ठेवता येतं आणि संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की सोडता येतं. मात्र पाऊस रुसला की हे केंद्रही थांबतं. म्हणून मला तर ऊन आणि पाणी असे दोन्ही गडी सोबत हवेत.

आणि हो, घरचं पॅनेल मोठ्यांसोबत धुणार असाल तर सकाळीच धुवा. दुपारच्या तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं, तर तडा जाऊ शकतो.